सुपर मारिओ: हा इतिहास उडीचा की आणखी कशाचा?

सरळरेषा

नमस्कार. माझी दहा वर्षांची भाची सध्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' हा व्हिडिओ गेम खेळते आहे. परवा तिने विचारले, "मामा, याच्या आधीचे सगळे कसे होते?" मी तिला १९८५ चा मूळ खेळ लावून दिला. पाच मिनिटांतच ती म्हणाली, "याच्यात मागे जाताच येत नाही!" पडदा एकदा उजवीकडे सरकला की मागची जमीन कायमची गेली, ही गोष्ट मी इतकी वर्षे खेळूनही कधी उणीव म्हणून पाहिली नव्हती. तिच्या त्या एका वाक्यामुळे मी सगळी मालिका पहिल्यापासून पुन्हा खेळायला घेतली आणि त्यातूनच हा धागा सुचला.

या मालिकेचा इतिहास बहुतेक वेळा निन्टेंडो कंपनीच्या कन्सोलच्या, म्हणजे घरी खेळायच्या यंत्रांच्या, क्रमाने सांगितला जातो: फॅमिकॉम, सुपर फॅमिकॉम, एन-६४ आणि पुढे. माझे मत असे आहे की हा इतिहास मुळात एका उडीचा आहे. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये निन्टेंडोचे रचनाकार शिगेरू मियामोटो यांनी मारिओ या माणसाला पहिल्यांदा उडी मारायला लावली आणि तेव्हा त्याचे नावच 'जंपमॅन' होते. पण ती उडी आज खेळून पाहिली तर अंगावर येते. एकदा पाय सुटला की हवेत दिशा बदलता येत नाही, उंची ठरलेली असते आणि स्वतःच्या उंचीपेक्षा थोड्या जास्त अंतरावरून पडले तरी जीव जातो. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स'मध्ये पडण्याची भीती गेली, पण उडी मात्र तशीच ताठ राहिली.

१३ सप्टेंबर १९८५ रोजी 'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानमध्ये आला आणि बटण व जमीन यांचे नातेच बदलले. बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी उडी उंच जाते. पळत येऊन मारलेली उडी उभ्या उडीपेक्षा उंच जाते. हवेत असताना दिशा थोडी वळवता येते, पण हवी तितकी वळत नाही, आणि त्या 'थोडी'तच सगळी गंमत आहे. उतरल्यावर तो लगेच थांबत नाही, घसरतो. माझ्या दृष्टीने पुढच्या चाळीस वर्षांतला प्रत्येक मोठा टप्पा म्हणजे या उडीत झालेला बदल आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. हे मत तुम्हाला पटते का? आणि हा इतिहास भाचीला हाताने अनुभवता यावा म्हणून कोणते खेळ, कोणत्या क्रमाने तिच्यापुढे ठेवावेत?

पायरीवरचे_कासव

मत पटले. एक छोटी भर घालतो. 'डाँकी काँग'मध्ये हा गृहस्थ नळ दुरुस्त करणारा नव्हता, सुतार होता, कारण खेळ एका अर्धवट बांधलेल्या इमारतीवर घडतो. पाईप आले ते १९८३ मध्ये, आणि पाईपांबरोबर त्याचा धंदाही बदलला. टोपी, मिशी आणि डंगरी यांची कारणेही तशीच व्यवहारातली आहेत: इतक्या कमी ठिपक्यांत केस काढणे अवघड म्हणून टोपी, तोंड काढणे अवघड म्हणून मिशी, आणि हात हलताना दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाची डंगरी.

ठोकळा

सरळरेषा, आपले निरीक्षण सुंदर आहे, पण मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे. चांगली उडी इतरही अनेक खेळांत होती. या मालिकेने जे केले ते दुसऱ्या कोणालाही इतके साधले नाही, आणि ते म्हणजे एकही शब्द न लिहिता शिकवणे.

पहिल्याच लेव्हलची सुरुवात आठवून पाहा. मारिओ डाव्या कडेला उभा आहे आणि उजवीकडे मोकळी जागा आहे, म्हणजे कुठे जायचे ते न सांगता कळते. थोडे पुढे गेले की एक गूम्बा, म्हणजे मशरूमसारखा दिसणारा शत्रू, सावकाश चालत समोर येतो. त्याला धडकलो तर जीव जातो, पण खेळ नुकताच सुरू झालेला असल्यामुळे नुकसान काहीच नाही. दुसऱ्या वेळी आपण उडी मारतो, आणि ती बहुधा त्याच्या डोक्यावर किंवा वरच्या प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यावर जाऊन लागते. दोन्हींतून काहीतरी नवे समजते. मग ठोकळ्यातून मशरूम निघते. आत्ताच गूम्बामुळे मेलेला माणूस तसलाच आकार पाहून पळू पाहणार, हे रचनाकारांनी ओळखले होते. म्हणून मशरूम आधी उजवीकडे जाते, खाली पडते, पाईपवर आपटते आणि उलटे आपल्याकडे येते. डोक्यावर विटा असल्यामुळे घाबरून मारलेली उडीसुद्धा तोकडी पडते आणि मशरूम आपल्याला लागतेच. ती लागली की आपण मोठे होतो. भीती दाखवायची आणि त्याच भीतीतून बक्षीस द्यायचे, हे सगळे पहिल्या काही सेकंदांत होऊन जाते.

त्याच लेव्हलच्या शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मधे जमीन आहे, तिथे चुकलात तर फक्त पुन्हा वर चढावे लागते. दुसऱ्या जोडीच्या मधे खड्डा आहे. उडी तीच, अंतर जवळपास तेच, पण आधी चुकू दिले आणि मग परीक्षा घेतली. मला या मालिकेचा इतिहास म्हणजे या शिकवण्याचा इतिहास वाटतो.

सरळरेषा

ठोकळा, पायऱ्यांचे उदाहरण फार नेमके आहे. तरीही मी असे म्हणेन की जे शिकवायचे आहे ती उडीच आहे. 'डाँकी काँग'च्या ताठ उडीवर अशी शाळा उभी राहिलीच नसती, कारण त्या उडीत शिकण्यासारखे फारसे काही नव्हते.

ठोकळा

हे मान्य. पण मग आपण दोघे एकाच गोष्टीची दोन टोके धरून बसलो आहोत.

काटकसर

दोघांच्याही म्हणण्यात एक बाजू सुटते आहे, ती यंत्राची. मूळ खेळाचे सगळे कार्ट्रिज चाळीस किलोबाइटचे होते: ३२ किलोबाइट प्रोग्रामसाठी आणि ८ किलोबाइट चित्रांसाठी. आज फोनवर काढलेला एक साधा फोटो याच्या कित्येक पट जागा खातो. त्या चाळीस किलोबाइटमध्ये आठ जगे आणि बत्तीस लेव्हल बसवल्या. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. हे एकदा कोणी दाखवले की पुन्हा कधी नजरेआड होत नाही. गूम्बासुद्धा अगदी शेवटी आला. कासव हा पहिला शत्रू म्हणून जड जातो, साधा शत्रू हवा, हे उशिरा लक्षात आले आणि तोवर जागा उरली नव्हती. म्हणून एकच चित्र काढून ते डावे-उजवे उलटवत त्याला चालवले.

आणि मुळात 'डाँकी काँग'चा जन्मच अडचणीतून झाला. 'रडार स्कोप' नावाचा आर्केड खेळ अमेरिकेत खपला नाही, यंत्रे पडून राहिली आणि तीच यंत्रे बदलून वापरता येतील असा नवा खेळ बनवण्याचे काम मियामोटो यांच्याकडे आले. त्यांच्यावर देखरेख गुनपेई योकोई यांची होती. सरळरेषा यांच्या भाचीला जी मागे जाता न येण्याची अडचण दिसली, ती त्या काळाची आहे. मागे सरकणारा पडदा पुढच्याच भागांत आला.

षड्ज

उडीची चर्चा चालली आहे म्हणून उडीच्या आवाजाबद्दल लिहितो. संगीतकार कोजी कोंडो यांच्यापुढे फॅमिकॉमचे मोजकेच आवाज होते: सूर धरण्यासाठी दोन चौकोनी लहरी, खर्जासाठी एक त्रिकोणी लहर आणि तालासाठी खरखर. उडीचा आवाज यांतलीच एक चौकोनी लहर उसनी घेतो. लक्ष देऊन ऐकले तर प्रत्येक उडीला संगीतातला एक सूर क्षणभर गळतो आणि उडी संपली की परत येतो. म्हणजे खेळणारा माणूस नकळत त्या चालीत वाजवत असतो. पाण्याखालच्या लेव्हलला तीन मात्रांची डोलणारी चाल आहे, कारण तिथे उडी नाही, पोहणे आहे. वेळ शंभरच्या खाली गेला की चालीची लय वाढते आणि हात आपोआप घाई करू लागतात.

१९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये योशी नावाच्या डायनासोरच्या पाठीवर बसताच त्याच चालीत ढोलांचा ठेका मिसळतो आणि उतरताच तो थांबतो. ही कल्पना मला आजही थक्क करते. मूळ चाल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. त्या यादीत गेलेले व्हिडिओ गेमचे ते पहिलेच संगीत.

पायरीवरचे_कासव

षड्ज, सूर गळण्याची गोष्ट वाचून आत्ताच कानाला हेडफोन लावून खेळलो. खरोखर गळतो.

दुसरा_कंट्रोलर

मी घरातला धाकटा. त्यामुळे मला या मालिकेचा इतिहास लुईजीचा, म्हणजे मारिओच्या भावाचा, इतिहास म्हणून माहीत आहे. मूळ खेळात दोघे एकाच वेळी खेळू शकत नव्हते. दादाचा मारिओ मेला की माझी पाळी. दादा फार चांगला खेळायचा, त्यामुळे माझी पाळी येईपर्यंत मी हातात कंट्रोलर धरून नुसता बघत बसायचो. तिसऱ्या जगातल्या पहिल्या लेव्हलच्या शेवटी पायऱ्यांवर एक कासव उतरत येते. त्याच्या कवचावर नेमक्या जागी उड्या मारत राहिले की जीव वाढतच जातात. दादाने एकदा ते साधले आणि माझी अख्खी दुपार गेली. मोजणीचा आकडा जाऊन तिथे मुकुटासारखी चित्रे उमटली, तेव्हा आम्हा दोघांना वाटले की आता हा कधीच मरणार नाही. प्रत्यक्षात त्या खेळाची मोजणी १२७ च्या वर गेली की ती उणे धरली जाते. पुढच्याच खड्ड्यात दादा पडला आणि थेट खेळ संपला. मी काहीच बोललो नाही, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की हे यंत्र माझ्या बाजूचे आहे.

लुईजीला स्वतःची वेगळी उडी मिळाली ती १९८६ च्या जपानी दुसऱ्या भागात: मारिओपेक्षा उंच, पण उतरल्यावर जास्त घसरणारी. माझ्यासाठी तो क्षण महत्त्वाचा आहे, कारण तोवर तो फक्त हिरव्या कपड्यांतला मारिओ होता. आणि २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये चार जण एकाच पडद्यावर एकाच वेळी खेळू लागले, तेव्हा मी आणि दादा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने एकत्र खेळलो. मी त्याच्या डोक्यावर पाय देऊन खड्डा ओलांडला आणि तो खाली गेला.

उत्तरध्रुव

दुसऱ्या भागाचा विषय निघालाच आहे तर त्याचा घोळ स्पष्ट करून ठेवतो, कारण नवीन वाचकांचा तिथे हमखास गोंधळ होतो. जपानमध्ये दुसरा भाग १९८६ मध्ये डिस्कवर आला. तो पहिल्या भागासारखाच दिसणारा पण फार अवघड होता. विषारी मशरूम, मधेच सुटणारा वारा, आणि पुढे नेण्याऐवजी मागच्या जगात पाठवणारे पाईप त्यात होते. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या शाखेला तो तिथल्या खेळाडूंसाठी नको वाटला. म्हणून १९८७ चा 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा वेगळाच जपानी खेळ घेतला, त्यातली पात्रे बदलली आणि १९८८ मध्ये तो अमेरिकेत 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून आला. जमिनीतून भाज्या उपटून फेकण्याचा तो विचित्र खेळ तो हाच. जपानी दुसरा भाग बाहेरच्या जगाला १९९३ मध्ये 'द लॉस्ट लेव्हल्स' या नावाने मिळाला, आणि अमेरिकेतला दुसरा भाग १९९२ मध्ये जपानला 'सुपर मारिओ यूएसए' म्हणून परत गेला.

सरळरेषा यांच्या मताला या उसन्या भागाचा मोठा आधार आहे. चार पात्रे आणि चार वेगळ्या उड्या: राजकन्या हवेत क्षणभर तरंगते, लुईजी पाय झाडत उंच जातो, टोड कमी उडतो पण भाजी झटकन उपटतो आणि मारिओ मधला. कोणाला निवडायचे हे उडीवरूनच ठरते.

ठोकळा

'द लॉस्ट लेव्हल्स'बद्दल माझी तक्रार नोंदवतो. पहिल्या लेव्हलच्या सुरुवातीलाच तिथे विषारी मशरूम ठेवले आहे. मागच्या वर्षी ज्या माणसाला तुम्ही मशरूमवर विश्वास ठेवायला शिकवले, त्याच्याच विश्वासाचा तो फायदा घेणे झाले. शिकवणारा खेळ फसवणारा झाला. मला तो मालिकेतला सगळ्यात उणा भाग वाटतो.

पायरीवरचे_कासव

इथे मी ठोकळा यांच्या पूर्ण विरोधात आहे. तो खेळ पहिला भाग पार करून बसलेल्यांसाठीच होता. ज्याला मूळ उडी पूर्णपणे हातात बसली आहे, त्याला तिच्या कडा दाखवणारे दुसरे काही त्या काळी नव्हते. एका विटेच्या रुंदीवर उतरायचे, तेही पळत येऊन, शत्रूच्या डोक्यावरून उसळी घेऊन. असे जे आज लोक 'सुपर मारिओ मेकर'मध्ये हौसेने बनवतात, त्याचे बीज तिथे आहे. विषारी मशरूम एकदाच फसवते. नंतर आपण ठोकळ्यातून काय बाहेर येते ते पाहायला शिकतो. तेही शिकणेच आहे.

ठोकळा

'मेकर'चा दाखला दिलात म्हणून सांगतो: २०१५ च्या त्या खेळात आपण बनवलेली लेव्हल इतरांना खेळायला द्यायची असेल तर आधी ती स्वतः पार करून दाखवावी लागत असे. हा नियम मला फार आवडतो. तुमच्या म्हणण्याचा विचार करतो, पण माझे मत तूर्त तेच आहे.

काटकसर

आता १९८८ कडे या. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'मध्ये खेळ सुरू होताना नाटकाचा पडदा वर जातो, ठोकळे मागच्या भिंतीला स्क्रूने ठोकलेले दिसतात, काही वरून टांगलेले असतात, त्यांच्या सावल्या मागच्या पडद्यावर पडतात आणि लेव्हलच्या शेवटी मारिओ काळोख्या विंगेत निघून जातो. हे सगळे रंगमंचावरचे नाटक आहे, अशी शंका खेळाडूंना फार वर्षे होती आणि २०१५ मध्ये मियामोटो यांनी तिला होकार दिला.

कार्ट्रिजमध्ये आता मदतीला वेगळी चिप होती, त्यामुळे पडदा मागे, पुढे, वर, खाली सरकू लागला. लेव्हलच्या आधी नकाशा आला. पानाने शेपटी मिळते आणि पळून पळून पट्टी भरली की उडी संपतच नाही, तिचे उड्डाण होते. पाचव्या जगाच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये एका गूम्बाच्या हिरव्या बुटात बसून टुणटुण उड्या मारत काट्यांवरून चालता येते. तो बूट सगळ्या खेळात फक्त तिथेच आहे. इतकी गोड कल्पना एकाच लेव्हलसाठी खर्च करून पुढे जायचे, ही श्रीमंती मला आजवर क्वचितच दुसरीकडे दिसली.

षड्ज

तो बूट सोडून पुढे जावे लागते तेव्हा खरोखर वाईट वाटते.

उत्तरध्रुव

माझ्या मते मात्र खरा सांधा २३ जून १९९६ हा आहे. त्या दिवशी जपानमध्ये 'सुपर मारिओ ६४' आला. तोवर उडी कागदावर काढलेल्या रेषेसारखी होती. तिला खोली मिळाली तर ती चालेल का, याचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. सपाट खेळात खड्डा किती रुंद आहे ते दिसते. त्रिमितीय खेळात कॅमेरा जिथे असेल तिथून तोच खड्डा वेगळा दिसतो.

यावर त्यांनी काढलेले उपाय पाहा. कंट्रोलरवर एक छोटी काठी आली: हलकेच ढकलली तर मारिओ चवड्यांवर चालतो, पूर्ण ढकलली तर पळतो. झोपलेल्या मांसाहारी झाडाजवळून हळू गेले तर ते जागे होत नाही. म्हणजे बोटाचा दाब हाच खेळाचा भाग झाला. हवेत असताना मारिओची सावली नेहमी त्याच्या बरोबर खाली पडते, सूर्य कुठेही असो. ती सावली चित्राच्या शोभेसाठी नाही, कुठे उतरणार ते सांगण्यासाठी आहे. आणि कॅमेरा कोणाच्या हातात आहे हेही सांगितले: ढगावर बसलेला लाकिटू आपला पाठलाग करत चित्रण करतो आहे. किल्ल्यातल्या आरशाच्या खोलीत गेलात तर आरशात तो आपल्यामागे तरंगताना दिसतो.

उड्यांचे तर काय सांगावे. लागोपाठ तीन उड्यांत तिसरी सगळ्यात उंच, बसून मारलेली मागची कोलांटी, पळताना बसून मारलेली लांब झेप, भिंतीला पाय लावून उलटी उडी, काठी झटकन उलट फिरवून मारलेली आडवी कोलांटी. किल्ल्यासमोरच्या अंगणात एकही शत्रू नाही. मी पहिल्या दिवशी किल्ल्याचे दार उघडलेच नाही. झाडावर चढणे, उड्या मारणे आणि खंदकात पडणे एवढेच तासभर चालले होते. एकूण १२० तारे आहेत आणि शेवटच्या बाउझरपर्यंत, म्हणजे मुख्य खलनायकापर्यंत, जायला ७० पुरतात, पण त्या अंगणात मिळवण्यासारखे काही नसतानाही कंटाळा आला नाही. सरळरेषा, तुमच्या मताचा याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

नवशिकी

सर्वांचे प्रतिसाद वाचते आहे. माझ्या आईने वयाच्या पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेतला. प्रत्येक उडीला ती दोन्ही हातांनी कंट्रोलर वर उचलायची, जणू तिच्या उचलण्यानेच मारिओ वर जाणार होता. मी आधी सांगायचे की हात खाली ठेव. नंतर सांगणे सोडले, कारण तिसऱ्या दिवशी तिने हात न हलवता पहिला खड्डा ओलांडला आणि स्वतःच थबकून हातांकडे पाहिले. पण त्रिमितीय खेळात मात्र तिला घेरी येत असे. उत्तरध्रुव यांना विचारायचे आहे की यावर मालिकेने पुढे काही केले का?

उत्तरध्रुव

केले, आणि ते फार विचारपूर्वक केले. २००७ चा 'सुपर मारिओ गॅलॅक्सी' हे त्याचेच उत्तर आहे. योशिआकी कोइझुमी त्याचे दिग्दर्शक होते. जमीन सपाट न ठेवता लहान लहान गोल ग्रह केले की सरळ चालत राहिलेला माणूस परत तिथेच येतो. त्यामुळे हरवायला होत नाही आणि कॅमेरा सतत हाताने फिरवावा लागत नाही. लहान ग्रहावर लांब झेप घेतली तर अर्धी प्रदक्षिणा होते, ती उडी एकदा तरी मारून पाहावी अशी आहे. शिवाय हातातला रिमोट-कंट्रोलर झटकला की मारिओ गिरकी घेतो आणि हवेत असेल तर किंचित वर उचलला जातो. तुमच्या आईंसारख्या नव्या खेळाडूची थोडक्यात हुकलेली उडी ती गिरकी सावरून घेते. पुढे २०११ च्या 'सुपर मारिओ ३डी लँड'मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ ठरावीक कोनातच ठेवला आणि लेव्हलच्या शेवटी जुना झेंड्याचा खांब परत आणला. आईंना तो मानवेल असे मला वाटते.

दुसरा_कंट्रोलर

मधला 'सुपर मारिओ सनशाइन' सगळ्यांनी वगळला, म्हणून त्याची बाजू मांडतो. २००२ च्या या खेळात पाठीवर पाण्याचा पंप आहे. पंपाच्या जोरावर हवेत तरंगता येते, त्यामुळे उडीची किंमत कमी झाली आणि लांब झेप तर काढूनच टाकली, ही टीका मला मान्य आहे. पण त्यातल्या गुप्त लेव्हल आठवा. तिथे शिरताच तो पंप काढून घेतला जातो, पोकळीत तरंगणारे ठोकळे समोर येतात आणि मूळ १९८५ ची चाल फक्त माणसांच्या आवाजात सुरू होते. त्या खेळातला मला सगळ्यात जास्त आठवणारा भाग तोच आहे.

सरळरेषा

दुसरा_कंट्रोलर, हे माझ्या यादीत आलेच नव्हते. पंप काढून घेतल्यावर हाताशी उरते ती उडीच. आपला आभारी आहे.

पायरीवरचे_कासव

'न्यू' नावाच्या चार खेळांबद्दलही बोलायला हवे: २००६, २००९ आणि २०१२ मध्ये दोन. पहिला मला मनापासून आवडला, कारण त्याने '६४'मधल्या भिंतीवरच्या उडीला आणि लागोपाठच्या तीन उड्यांना परत सपाट खेळात आणले. शत्रू संगीताच्या ठराविक सुरावर थबकून नाचतात, हेही छान होते. पण चौथ्यापर्यंत तेच गवताळ जग, तेच वाळवंट, तेच बर्फ आणि तोच चेहरामोहरा राहिला. रचना उत्तम होत्या, यात शंका नाही. फक्त आश्चर्य संपले होते, आणि या मालिकेकडून मी सगळ्यात आधी आश्चर्यच मागतो. म्हणून २०२३ चा 'वंडर' आला तेव्हा मला फार बरे वाटले. बहुतेक लेव्हलमध्ये एक फूल असते, त्याला हात लावला की पाईप अळीसारखे वळवळत चालू लागतात आणि जगाचे नियमच बदलतात. वेळेची मर्यादाही काढून टाकली आहे. पुढे काय येईल हे पुन्हा सांगता येईनासे झाले.

काटकसर

पूर्ण सहमत.

ठोकळा

मूळ प्रश्नाकडे परत येऊ या, कारण क्रमाचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही. माझी सूचना अशी आहे की भाचीला सगळे खेळ पूर्ण करायला लावू नका. 'डाँकी काँग' अर्धा तास, मूळ खेळाचे पहिले जग, तिसऱ्या भागातले पाचवे जग त्या बुटासाठी, 'वर्ल्ड'मध्ये योशी मिळेपर्यंत, मग '६४'चे अंगण, आणि 'गॅलॅक्सी'चे एक-दोन ग्रह. 'द लॉस्ट लेव्हल्स' मात्र नको.

पायरीवरचे_कासव

'द लॉस्ट लेव्हल्स'ची निदान एक लेव्हल हवी. मुलांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त झेपते.

उत्तरध्रुव

शेवटी २०१७ चा 'ओडिसी' ठेवा आणि त्यातल्या न्यू डाँक सिटीच्या उत्सवापर्यंत तिला नक्की पोहोचू द्या. तिथे पॉलीन गाते, म्हणजे १९८१ मध्ये त्या माकडाने पळवलेली तीच स्त्री. गाणे चालू असताना मारिओ त्रिमितीय शहरातून भिंतीवरच्या सपाट चित्रात शिरतो आणि 'डाँकी काँग'च्या त्याच लाल तुळयांवरून धावतो. तिने आधी मूळ 'डाँकी काँग' खेळलेला असेल, तर कोणी न सांगता तिला तो प्रसंग ओळखू येईल. त्यासाठी तरी ठोकळा यांचा क्रम पाळावा.

सरळरेषा

सर्वांचे मनापासून आभार. ठोकळा यांच्या क्रमाने शनिवारी सुरुवात केली. 'डाँकी काँग'मध्ये तिने सवयीने हवेत असताना मागे वळायचा प्रयत्न केला, पिंपावर आदळली आणि म्हणाली, "हा हवेत माझे ऐकतच नाही." मी काही समजावले नाही. लगेच १९८५ चा खेळ लावला. पहिल्या पाईपावरून तिने उडी मारली, हवेतच थोडी मागे घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा ऐकतो."

काल ती '६४'च्या अंगणात पोहोचली. दार कुठे आहे ते मी दाखवले, पण ती अजून झाडावरच आहे. 'द लॉस्ट लेव्हल्स'ची एक लेव्हल आम्ही खेळलो. विषारी मशरूम तिने खाल्ले, चिडली, दुसऱ्यांदा खाल्ले नाही, आणि मग मला म्हणाली की आता तू खेळ, मी बघते तुला कळते का. ठोकळा आणि पायरीवरचे_कासव, याचा निकाल तुम्ही दोघांनी लावावा.